काल्याच्या लाह्या

काल काकडा झाला, तशी उकंडरावानं गळ्यातली वीणा मेव्हण्याच्या गळ्यात घातली आणि "दिवेलागणीला येतो" म्हणून तो हिंगोलीच्या वाटेला लागला. दिवेलागण झाली, रात्रीचं कीर्तन झालं, आज सकाळचा काकडाही झाला. उकंडराव आला नव्हता.

शकुबाई देवळाच्या ओट्यावर वाती वळत बसली होती. नवऱ्याच्या काळजीनं वाती जाड होत होत्या, बारीक होत होत्या. तिचं तिकडे लक्षच नव्हतं.

हिंगोलीत रझाकारांची धास्ती वाढली तशी ही दोघं आणि गल्लीतली आणखी काही घरं कनेरगावचा नाका ओलांडून वऱ्हाडात आली होती. नाक्याच्या त्या अंगाला निजामाचं राज, या अंगाला नवं स्वराज्य. शकुबाईचा भाऊ ग्यानबा याच्या गावात त्यांना आसरा मिळाला. भाकर मिळत होती, निजायला जागा होती. पण संध्याकाळी सगळी देवळात जमली की हिंगोलीचा बाजार तोंडातून सुटत नसे. कोणी म्हणे, स्टेशनाकडून येताना लागणारी मिरचीची भजी. कोणी म्हणे, आठवडी बाजारातली गोडीशेव, गुळानं बोटाला बोट चिकटावं अशी. आणि उकंडराव म्हणे, दस्तगीरच्या भट्टीवरच्या लाह्या. त्या कशा फुटतात, हे तो हातवारे करून असं सांगे की ऐकणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटे.

गोकुळाष्टमीचा सप्ताह इथंही बसवला. उद्या काल्याचं कीर्तन. दही आलं, डाळं आलं. ग्यानबाच्या बायकोनं घरी लाह्या भाजल्या, तर निम्मी ज्वारी न फुटता गणंग राहिली. उकंडरावानं एक दाणा दाढेखाली धरला आणि तोंड वाकडं केलं.

"देवाचे दात पाडता काय? हिंगोलीचा काला आजवर दस्तगीरच्या लाह्यांबिगर झाला न्हाई. म्या जाऊन आणतो."

सगळे हसले. तो खरंच जाईल असं कुणाला वाटलं होतं?

ग्यानबा वीणा गळ्यात घेऊनच बहिणीपाशी आला. पहाऱ्याची वीणा खाली ठेवता येत नाही.

"अक्का, दाजीला धरलं आसंल का गं?"

"तुझ्या जिभेला काही हाड हाय का न्हाई?"

"न्हाई, म्हणलं आपलं… कपाळाला बुक्का, गळ्यात माळ. लपायचं बी ठावं न्हाई त्या माणसाला."

शकुबाईनं वातींची परडी बाजूला सारली. "मी नाक्यावर जाऊन येते."

"येडी झाली का? बाईमाणूस!"

"डोक्यावर गवताचा भारा आसला की बाईमाणसाला कोणी इचारत न्हाई. तू वीणा सांभाळ."

वाटेवर चिखल होता. भाऱ्याचं ओझं मानेवर. चालता चालता तिला एकदम सुचलं आणि ती जागीच थांबली. ज्वारी! लाह्यांची ज्वारी आदल्या दिवशी भिजवून, फडक्यात रातभर बांधून ठेवावी लागते, तेव्हा ती उमलते. हिंगोलीत देवळातला मृदंग गल्लीपलीकडच्या दस्तगीरला ऐकू जाई. सप्ताह बसला की तो आपणहून दिवस धरी, ज्वारी भिजवी, आणि काल्याच्या सकाळी उकंडराव गेला की गरम लाह्या तयार. उकंडरावाला वाटे, लाह्या भट्टीत तयारच असतात! औंदा मृदंग वाजला तो नाक्याच्या या बाजूला. दस्तगीरला कळणार कसं? म्हणजे काल ज्वारी भिजवली, रात्री मुक्काम पडला, आज भाजणार, मग निघणार.

"पांडुरंगा, आसंच आसू दे," ती मोठ्यानं म्हणाली. ती झपाझप चालू लागली.

नाक्यावर बांबू आडवा होता. गाड्या थांबत, निजामाचे शिपाई पोती टोचून बघत. बाजूला एक जण भजी तळत होता. तेलाचा वास आला आणि तिला आठवलं, बाजारातून येताना उकंडराव उपरण्याच्या टोकाला गरम फुटाणे बांधून आणी आणि उपरण्याला डाग पडला म्हणून ती त्याच्यावर डाफरे. आज तो डाग दिसला असता तर तिनं त्याला कपाळ लावलं असतं.

ओळखीचा बाबूसिंग हिंगोलीहून मिठाची गाडी घेऊन आला. तांड्यावरचा माणूस, उकंडरावाच्या उठण्याबसण्यातला.

"बाबूसिंगदादा, आमच्या घरच्याला पाह्यलं का?"

"न्हाई बाई. बाजार सुना पडेल हाय. कोण दिसून राह्यलं तिथं?"

"दस्तगीरमियाची भट्टी तं पेटली आसंल सकाळी?"

"दस्तगीरची?" बाबूसिंगानं मान हलवली. "थंडी पडेल हाय भट्टी. धूर न्हाई, काही न्हाई. दाराला कडी."

भट्टी पेटली नाही म्हणजे लाह्या नाहीत. लाह्या नाहीत म्हणजे तो दस्तगीरकडे पोचलाच नाही. मग रातभर होता कुठं? ती भारा टेकवून मटकन बसली. तोंडात नाव घेत होती, पण नाव पुढं सरकत नव्हतं. "विठ्ठल" म्हणता म्हणता "वि"वरच अडकत होतं.

ऊन उतरलं तेव्हा एक रिकामी गाडी आली. हाकणारा दस्तगीर! तिनं ओळखलं आणि उठणार तोच थबकली. त्याच्या मागं लुंगी नेसलेला, डोक्याला टोपी घातलेला एक माणूस बसला होता, मान खाली. शिपायानं विचारलं, "ये कौन?"

"मेरा आदमी है साब, भट्टी का. ऊंचा सुनता है," दस्तगीरनं कानाकडं बोट दाखवलं.

त्या माणसाची बोटं गुडघ्यावर हलत होती. धा, दिं, ता. धा, दिं, ता. सप्ताहातला ठेका त्याच्या हातातून सुटत नव्हता, आणि त्याला त्याचं भानही नव्हतं. शिपाई त्या बोटांकडे बघू लागला.

शकुबाई भारा घेऊन सरळ गाडीपुढं जाऊन उभी राहिली.

"ओ मिया! गवत घेता का गवत? बैल पाहा कसे वाळून राह्यले!"

दस्तगीरनं डोळा न हलवता तिच्याकडं पाहिलं. "ओलं हाय का वाळेल?"

"पावसाळ्यात वाळेल गवत मागता? त्यापरीस सोनं मागा! हात लावून बघा की!"

"बघतो, पण तुझी जीभच लई हिरवी हाय, बाई."

मागचा गाडीवाला ओरडला. शिपाई हसला, कंटाळला आणि त्यानं बांबू वर केला. "चलो, आगे जाके झगडो."

बाभळीआड गाडी थांबली तेव्हा उकंडरावानं टोपी काढली, सदऱ्यातून माळ बाहेर ओढली. शकुबाईनं त्याच्या दंडाला असा चिमटा काढला की तो कळवळला.

"भट्टी काहून पेटवली न्हाई, मिया?" तिनं विचारलं. "माझा जीव गेला व्हता."

"धूर दिसला आस्ता वैनी, तं रझाकारांनी कोणासाठी म्हणून इचारलं आस्तं. माझ्या बायकोनं, जैनबबीनं घरातच कढईत भाजल्या, वाळू घालून." दस्तगीरनं बसायच्या पोत्याआडून ओढणीत बांधलेलं गाठोडं काढून तिच्या हातात दिलं. "औंदा मृदंग ऐकू आला न्हाई. काल्याचा दिवस आमी चुकलोच आस्तो."

"इथंच ऱ्हावा. काला घेऊनच जावा."

"घरी ती एकटी हाय." त्यानं गवताचा भारा गाडीत टाकला. "माझं नाव मात्र कुठं घेऊ नका. मला त्याच गल्लीत ऱ्हायचंय."

गाडी वळणाआड गेली, आणि मग शकुबाईच्या ध्यानात आलं. येताना गाडीत दोघे होते. जाताना एकटाच. शिपायानं विचारलं, तुझा भट्टीवरचा माणूस कुठं, तर? ती दोघं बाभळीपाशी नाक्याकडं कान लावून थांबली. आरडाओरडा काही आला नाही. वाऱ्यावर नीट ऐकूही येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी काल्याचं कीर्तन रंगलं. संतरामबुवांनी गोपाळांच्या शिदोऱ्या अशा सोडल्या की म्हाताऱ्यांनीही फुगड्या घातल्या. हंडी फुटली. लाह्या दमट हवेनं जरा चिवट झाल्या होत्या, पण एकही गणंग नव्हता, आणि हिंगोलीची माणसं घास तोंडात धरून डोळे पुसत होती.

काल्यात कुणी काय दिलं, त्याचं नाव घेऊन पुकारा करायची रीत. दही ग्यानबाचं, पुकारा झाला. डाळं अमक्याचं, झाला.

"आन् लाह्या?" बुवांनी विचारलं. "उकंडराव, लाह्या कुणाच्या?"

सगळ्या माना वळल्या. त्या गर्दीत नाक्यावर रोज ये-जा करणारे होते. इथला शब्द तिथं जायला वेळ लागत नव्हता. आणि माळ घातलेल्या माणसानं सप्ताहात खोटं बोलायचं नसतं, हे शकुबाईला ठाऊक होतं. उकंडरावानं तोंड उघडलं.

शकुबाईनं मूठभर काला त्याच्या तोंडात कोंबला.

"अवो, खाऊ द्या की त्याला! उपाशी माणूस," ती बुवांना म्हणाली.

"बरोबर हाय," कोणीतरी हसलं. "पण कुणाच्या त्या, सांग ना गड्या!"

उकंडरावानं तिच्याकडं पाहिलं. त्याला कळलं. त्यानं स्वतःच्या हातानं दुसरी मूठ तोंडात भरली, मग तिसरी. गाल फुगले, डोळ्यांत पाणी आलं, दही हनुवटीवरून ओघळलं. लोक पोट धरून हसत होते. शकुबाई परातीतून मूठ मूठ पुढं करत होती, तो खात होता, आणि शेवटचा माणूस देवळाची पायरी उतरून जाईस्तोवर तिनं हात थांबवला नाही.