सहाशे बारा स्लीपर आणि एक पट्टी

देव संयम वाटत होता तेव्हा घड्याळजी रांगेत पहिले उभे असणार, कारण त्यांच्या वाट्याला चांगलं दोन माणसांचं माप आलं होतं. चाळीस वर्षं लोकांची बंद पडलेली घड्याळं उघडून त्यांनी केसाएवढ्या स्प्रिंगा बसवल्या, त्याही तोंडातून वावगा शब्द न काढता. पण हा सगळा साठा त्यांच्या बायकोच्या थोरल्या भावाने नऊ दिवसांत तळाला नेला.

हे मेहुणे म्हणजे खऱ्या रेल्वेतले निवृत्त मुकादम. रूळ दुरुस्त करणाऱ्या टोळीचे म्होरके, उभा जन्म खडीत गेलेला. गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून बहिणीकडे विश्रांतीला आले, आणि आल्यापासून विश्रांती सोडून बाकी सगळं केलं.

त्याचं कारण मागच्या खोलीत होतं. तिथे चारही भिंतींना लागून फळ्या होत्या, दारापाशी एक उचलायची फळी, आणि त्यांवरून घड्याळजींचा छोट्या आगगाडीचा रूळ फिरत होता. असे रूळ दुकानात तयार मिळतात, हे त्यांना सांगायची सोय नव्हती. "तयार रूळ म्हणजे कवळी," ते म्हणत. त्यांनी तांब्याचा पत्रा चढवलेल्या पातळ पट्टीतून रुळाखालचा एकेक आडवा स्लीपर कापला, त्यावर रूळ ठेवून कथिलाचा डाग दिला आणि दोन रुळांच्या मधलं तांबं कानशीने खरवडलं. ते खरवडलं नाही तर वीज एका रुळातून थेट दुसऱ्यात जाते आणि सगळंच शॉर्ट होतं. असे स्लीपर सहाशे बारा.

यात चौदा महिने गेले. "एक महिना दे गं," म्हणून त्यांनी बायकोचं शिलाई मशीन खिडकीपासून हलवून बोळकंडीत ठेवलं होतं. तिथे तिला भर दुपारी दिवा लावून सुईत दोरा ओवावा लागे. शेवटी तिने टेप गळ्यात अडकवला आणि निकाल दिला: "अहो, रविवारी दुपारी चारपर्यंत तुमची गाडी एक अख्खी फेरी मारून आली, तर खोली तुमची, मी पुन्हा तोंड उघडणार नाही. नाही आली, तर सोमवारी फळ्या माळ्यावर."

घड्याळजी हसले होते. शेवटचा सांधा, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवायची जागा, त्यांनी बुधवारी टेबलावर तपासला होता. गुरुवारी तो फळीवर बसला. शुक्रवारी सकाळी त्यांनी बटण दाबलं, आणि विजेच्या डबीवरचा लाल दिवा लागून ती डबी चिडलेल्या माशीसारखी गुणगुणू लागली.

शॉर्ट.

"आमच्याकडे असं नव्हतं," स्टुलावरून मुकादम म्हणाले.

"तुमच्याकडे रुळात वीज नव्हती, दादा."

"म्हणूनच नव्हतं."

घड्याळजींनी डोळ्याला भिंग लावलं आणि पहिल्या स्लीपरपासून सुरुवात केली. कुठेतरी तांब्याचा एक तंतू राहिला असणार. एक, दोन, तीन. मान मोडली, पाठ धरली. शुक्रवार गेला, शनिवार गेला. मुकादम मात्र स्टुलावरून हलेनात. मधूनच ते गाल फळीला टेकवून, एक डोळा मिटून रुळावरून नजर टाकत, बंदूक रोखल्यासारखी.

"भाऊजी, खिडकीकडच्या तिसऱ्या जोडापाशी रूळ खाली बसलाय."

"किती?"

"केसभर."

"केसभर!" घड्याळजींनी भिंग काढलं. "अहो, इथे सगळी गाडी बंद पडलीय, आणि तुम्ही मला केस दाखवताय?"

"केस असला तरी बसलाय तो बसलाय. गाडी डुलणार."

"आधी चालू तर द्या तिला!"

खरं सांगायचं तर रूळ बसलेला घड्याळजींनाही दिसला होता, आणि जास्त राग त्याचाच येत होता. चुकलेल्या माणसावरचा राग निवतो. बरोबर असलेला माणूस समोर स्टुलावर बसून लाडू खाल्ल्यासारखा चेहरा करतो, तेव्हा काय करावं?

रविवारी तीन वाजता सहाशे बारावा स्लीपर तपासून झाला. घड्याळजींनी बटण दाबलं. लाल दिवा, माशी.

"जाऊ दे!" त्यांनी कानस आपटली. उभ्या आयुष्यात त्यांनी हत्यार आपटलं नव्हतं. "काढा फळ्या. मशीन आणा. माझ्या हातातच कीड लागलीय."

आवाज ऐकून बायको आली. तिने फळीवरून, स्लीपरवरून, नवऱ्याच्या तांबारलेल्या डोळ्यावरून नजर फिरवली. अजून तासभर ती नुसती गप्प राहिली असती तरी खिडकी तिची होती. पण ती परत गेली आणि शिवणाच्या डब्यातून काहीतरी चिमटीत धरून आली.

"अहो, ही कॉलरची पट्टी. शर्टाची कॉलर ताठ राहावी म्हणून घालते ती. मागच्या महिन्यात तुम्ही माझ्याकडून ढापली होतीत. गुरुवारी झाडताना फळीखाली सापडली. मला वाटलं, घेतलेली वस्तू परत करायची बुद्धी झाली एकदाची."

घड्याळजींनी ती काळ्या प्लास्टिकची पट्टी हातात घेतली. टोकांना दोन बारीक भोकं, त्यांनीच पाडलेली. सांध्याच्या दोन हलत्या जिभा एकमेकींना बांधणारी आडवी पट्टी होती ही. प्लास्टिकची, म्हणून वीज पलीकडे जात नव्हती.

"ही इथे, तर मग तिथे काय आहे?"

त्यांनी भिंग सांध्यावर रोखलं. तिथे तशीच पट्टी होती, काळी, अगदी जिथल्या तिथे. कानशीने खरवडली तशी रंगाखालून पितळ चमकलं.

मुकादमांनी दुखता गुडघा चोळायला घेतला, चुकून दुसराच.

"दादा?" बायको म्हणाली.

"ती प्लास्टिकची होती गं," मुकादम खाली बघत म्हणाले. "सांध्याच्या जिभा कॉलरच्या पट्टीने बांधायच्या? गुरुवारी भाऊजी जरा लवंडले होते, तेवढ्यात मी पितळेची घातली. त्यांच्याच डब्यातली. वर काळा रंग दिला, आमच्याकडे असतो तसा."

"अरे दादा, पण सांगायचं तरी!"

"भाऊजींना कमीपणा वाटला असता. आणि गाडी जायची होती ना वरून. माझ्या देखत ढिल्या सांध्यावरून गाडी गेलेली नाही कधी."

घड्याळजींनी तोंड उघडलं. सहाशे बारा स्लीपर एकामागून एक जिभेवर येऊन उभे राहिले. पण त्या वाकलेल्या मानेकडे बघून त्यांनी तोंड मिटलं आणि चिमटा मागितला.

पितळ निघालं, कॉलरची पट्टी बसली. चारला पाच मिनिटं कमी असताना त्यांनी बटण दाबलं. माशी गप्प. इंजिन निघालं, सांध्यावरून लोण्यासारखं गेलं, खिडकीकडे वळलं, तिसऱ्या जोडापाशी डुललं आणि आडवं झालं.

कोणीही "मी सांगत होतो" म्हणालं नाही. मुकादमांचा संयमही त्या दिवशी मोठा म्हणायचा. ते नुसते खोकले, बहिणीच्या कापड बेतायच्या कागदाचा तुकडा फाडला, दोन घड्या घातल्या आणि घड्याळजींनी रूळ अलगद उचलल्यावर खाली सरकवला. गाल फळीला. "थोडं मागे. हां. सोडा."

इंजिन पुन्हा निघालं. चारही भिंती फिरून, न डुलता, स्टेशनात येऊन उभं राहिलं.

तिघांनी भिंतीवरच्या लंबकाच्या घड्याळाकडे पाहिलं. चार वाजून चार मिनिटं.

"घड्याळ पुढे असेल, भाऊजी," मुकादम कुजबुजले. "म्हणा की."

बायको वाट बघत होती. एवढं एक वाक्य, की खोली वाचली. घड्याळजींनी लंबकाकडे पाहिलं. स्वतःच्या हाताने लावलेला.

"माझं घड्याळ पुढे नसतं," ते वैतागून म्हणाले. "उद्या फळ्या काढू."

बायकोने गळ्यातला टेप काढला, फळीखालून वाकून मधल्या मोकळ्या जागेत शिरली आणि मोजू लागली. खिडकीचा उजेड नेमका तिच्या पायाशी पडला होता.

सोमवारी मशीन त्या मोकळ्या जागेत आलं, चहूबाजूंनी रूळ. बाहेर यायचं झालं की ती ओरडते, "अहो, गाडी थांबवा, मला पोळ्या लाटायच्यात!" आणि मुकादम तिच्याच शिवणातली लाल चिंधी फडकवून दाराजवळची फळी उचलतात.

"भाऊजी," ते हळूच म्हणाले, "त्या सांध्याचं मी म्हणत होतो, की तांब्याची जरी—"

"हात लावू नका!" आतून आणि बाहेरून एकदमच आवाज आला.