मालतीबाईंची गुलाबी रेघ

मित्रांनो, मी एक जुना पोकलेन आहे. जेसीबीला तुम्ही ओळखताच. मी त्याच्याच नात्यातला, फक्त मला चाकांऐवजी लोखंडी पट्टे आहेत आणि मी कंबरेतून गर्रकन फिरतो. अंगानं लहान आहे, म्हणून मोठे रस्ते माझ्या थोरल्या भावंडांना मिळतात आणि मला मिळतात सुरतेच्या अरुंद गल्ल्या. त्याचं मला वाईट वाटत नाही. गल्लीत माणसं जवळून पाहता येतात.

कारखान्यातून आलो तेव्हा माझा पिवळा रंग उन्हात असा चमके की बघणाऱ्यानं डोळे मिटावेत. पहिल्याच दिवशी माझ्या चालकाच्या शेजारणीनं, सरलाबाईंनी, मला ओवाळलं. माझा चालक सुकलाल, मूळचा अमळनेरकडचा. त्याचा हात हलका. अंड्याला तडा न जाता ते उचलीन अशी तो बढाई मारायचा, पण अंडं काही कुणी आणून दिलं नाही.

आमच्या कामातली खरी गोम सांगतो. खोदायचं सोपं असतं. जमिनीच्या पोटात काय आहे ते आधी कळणं अवघड. पाण्याचे नळ, विजेच्या तारा, गॅसचे पाइप. कचेरीतून एक रंगीत नकाशा यायचा आणि आम्ही तो वेदवाक्य मानायचो. कोसाडच्या वसाहतीत नकाशा म्हणाला, "इथे काही नाही." मी दात घातले आणि पाण्याचं कारंजं उडालं. वसाहत कोरडी पडली. नकाशाला कुणी बोललं नाही, बद्दू झालं ते माझं नाव. "आंधळा हत्ती" म्हणाले मला!

मग मला उधन्याच्या एका आवारात उभं केलं. पट्ट्यांवर गंज चढला, बादलीत पावसाचं पाणी साचलं, एका कुत्रीनं माझ्या पोटाखाली पिल्लं घातली. तेवढीच सोबत. भंगारवाला दोनदा मला वाजवून गेला. खोटं कशाला सांगू, मला फार भीती वाटायची.

एके सकाळी उज्ज्वला आली. ती ठेकेदाराकडची नवी इंजिनीअर, उधन्यातल्याच माग कामगाराची मुलगी. तिनं माझ्या केबिनमध्ये एक पेटी बसवली. पुढे काय लागणार याचे सगळ्यांचे अंदाज ती पेटी पडद्यावर रेघांनी दाखवते. कचेरीच्या नकाशाची निळी रेघ. जमिनीत लहरी सोडून पाहणारी एक ढकलगाडी आहे, तिची पिवळी रेघ. पण कोणत्या रेघेवर भरवसा ठेवायचा? ते पेटी अशी ठरवते: मी एक तुकडा खोदला की खाली खरंच काय निघालं ते बघते आणि कोणाचा अंदाज जुळला ते पडताळते. मागच्या तुकड्यात जो खरा ठरला, पुढच्या तुकड्यात त्याचा मान मोठा. धोका दिसला तर माझा हात ती जागीच धरते. सुकलालजवळ एक किल्ली असते. ती फिरवली की पेटी गप्प बसते आणि हात मोकळा होतो.

उन्हाळा संपत आला होता. डिंडोलीच्या एका गल्लीत गटाराचा नवा पाइप टाकायचा होता. ही गल्ली जवळजवळ सगळी खानदेशची. मालतीबाई नावाच्या आजींच्या दारात मांडव होता. त्यांची नात योगिता हिची त्या दिवशी हळद. दारासमोर गोवऱ्यांचा जगरा पेटला होता, त्यात पंगतीच्या बट्ट्या भाजत होत्या. मालतीबाईंना घाई आमच्याहून जास्त.

"पोरनी हळद शे. सांजले पाव्हणा काय खड्डा वलांडीसन येतीन का? गॅसना पाइप डावे हातले शे, भो. टाकणारासले मी सोता च्या पाजेल शे!"

उज्ज्वला हसली नाही. "आजी, तुमचीही रेघ काढू," म्हणाली. आजींनी हातानं दाखवलं तशी तिनं पडद्यावर बोट फिरवून एक गुलाबी रेघ काढली. मालतीबाई ओट्यावर ताठ बसल्या. जणू कचेरीत नोकरी लागली.

सुरुवातीला सार्वजनिक नळाजवळची ओली जमीन होती. तिथे ढकलगाडी गोंधळली, साचलेल्या पाण्यालाच पाइप म्हणाली. निळी रेघ हातभर बाजूला गेली. गुलाबी मात्र तंतोतंत. पेटीनं आजींना पहिला मान दिला. सुकलाल ओरडला, "माय, तू पास व्हयनी!"

पुढे जमीन कोरडी झाली. शेजारच्या घराला गॅसचा फाटा गेलाय, असं आजी म्हणाल्या होत्या. फावड्यांनी हलकेच उकरून पाहिलं, फाटा नव्हता. ढकलगाडीनं तिथे काहीच दाखवलं नव्हतं. पेटीनं मान पिवळ्या रेघेला दिला.

आणि मग आम्ही मांडवापाशी आलो. पिवळी रेघ म्हणाली, गॅसचा पाइप इथे वळून थेट तुझ्या दाताखाली आलाय. निळी आणि गुलाबी म्हणाल्या, छे, तो डावीकडेच. एकाविरुद्ध दोन. पेटीनं माझा हात धरला.

"आठे काहीच नई शे रे!" मालतीबाई उठल्याच. "हाऊ डबा मन्हापेक्षा शहाणा शे का?"

सुकलालनं किल्ली हातात घेतली. मित्रांनो, जगरा माझ्यापासून दोन पावलांवर फुलला होता. त्याच्याभोवती बाया बट्ट्या उलटत होत्या आणि योगिता पाटावर बसली होती. किल्ली फिरली असती तर मी खाली आलो असतो. मला नाही म्हणता येत नाही.

"काका," उज्ज्वला म्हणाली, "मागच्या तुकड्यात कोण चुकलं?"

सुकलालनं मान वळवून मागचा चर पाहिला. मग किल्ली खिशात टाकली. "माय, मांगला तुकडामा तुनी रेघ चुकनी. राग मानू नको. पहिले जगरा विझाडा, मंग फावडा आणा."

मालतीबाईंनी तोंड वाकडं केलं, पण पाण्याची पहिली घागर त्यांनीच ओतली. माणसं हळूहळू उकरू लागली. आधी धोक्याची पिवळी पट्टी दिसली आणि तिच्याखाली गॅसचा पाइप, अगदी माझ्या दाताच्या रेषेत. माझं इंजिन बंद होतं, तरी माझा जीव भांड्यात पडला.

"मंग मी च्या कोणले पाजा?" मालतीबाई पुटपुटल्या.

गॅसवाल्यांनी गेल्या वर्षी इथे काम केल्याचं सुकलालला आठवलं. त्यानं विचारलं, "गये साल आखाजीले तू कोठे व्हती?"

आजींनी कपाळावर हात मारला. "माहेरले! आख्खी गल्ली गावले गयेल व्हती!"

सगळे खो खो हसले. चहा खरा होता, रेघही एके काळी खरी होती. पण गल्ली आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावी गेली असताना पाइप हलवला गेला आणि ते ना कचेरीच्या नकाशानं पाहिलं, ना आजींनी. चर मांडवापासून दूर वळवला, गटाराचा पाइप टाकला आणि उन्हं उतरायच्या आत चर बुजवला. जगरा पुन्हा पेटला. बट्ट्यांना थोडा उशीर झाला, एवढंच.

म्हणून मित्रांनो, पुढचं सांगणारे पुष्कळ भेटतील. मोठा आवाज, सुंदर रंग, जास्त डोकी बघून कुणाच्या मागे जाऊ नका. मागचं कोणाचं जुळलं ते आधी बघा, आणि जमीन बदलली की पुन्हा बघा. आपल्या माणसाचं चुकलं तर त्याला हसा, पण ओट्यावरून उठवू नका. आणि माझ्यासारख्या यंत्रांच्या काचा पुसत जा. धुळीत आम्हालाही दिसत नाही.

निघताना मालतीबाई नवरीच्या हळदीची वाटी घेऊन आल्या आणि माझ्या बादलीवर पाच बोटं उमटवून गेल्या. मी मुळातच पिवळा, त्यामुळे ती बोटं कुणाला दिसत नाहीत. सुकलाल मात्र मला धुताना तेवढी जागा सोडून धुतो.