दुसरं बटण

"खुर्च्या गोल मांडा म्हणे," मामा मावशीच्या कानाशी पुटपुटले. "जन्मभर कागद कापला, आता म्हातारपणी संगीतखुर्ची."

एरवी मावशी हसली असती. आज बाइंडिंग खात्यातली यंत्रं बंद होती, आणि यंत्रं बंद असली की छापखान्यात साधं खाकरणंसुद्धा मोठं ऐकू येतं. साहेबांनी बाहेरून एक मॅडम बोलावल्या होत्या, माणसांनी माणसांशी कसं वागावं ते शिकवायला. एकमेकांच्या डब्यातलं मीठ ओळखणाऱ्या माणसांना.

बारकी दाराजवळच्या खुर्चीत बसली होती. दीड महिन्यानं आली होती. डावा हात मांडीवरच्या पिशवीखाली. त्या हाताची तीन बोटं कटिंग मशीननं नेली होती.

साहेबांच्या टेबलावर एक कागद तयार होता. मॅडमचं आटोपलं की खात्यातल्या चौघांनी त्यावर सह्या करायच्या. 'दोन्ही बटणं व्यवस्थित होती. कामगाराचा स्वतःचा निष्काळजीपणा.' सह्या झाल्या की बारकीची नोकरी गेली. कागदांच्या घड्या घालायच्या टेबलावर बसून करायचं कामही तिला मिळणार नव्हतं. घरात ती एकटी कमावती. हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून सकाळपासून प्रत्येक जण तिला चहा विचारत होता.

त्या मशीनला दोन बटणं. दोन्ही एकदम दाबली तरच पातं खाली येतं, म्हणजे दोन्ही हात पात्यापासून लांब राहतात. पण तसं केलं तर दिवसाचं काम दिवसात उरकत नाही. म्हणून डावं बटण कापडी पट्टीनं आवळून ठेवायचं, उजव्या हातानं दाबायचं आणि डाव्यानं गठ्ठा सरकवत राहायचं. वर्षानुवर्षं असंच. तपासणीला कुणी आलं की पट्टी खिशात. पट्टी बांधायचं काम मामांचं. त्यांच्यासारखी गाठ कुणाला जमत नसे. बारकीला मशीनवरचं कामही त्यांनीच शिकवलं होतं, पोटच्या पोरीसारखं.

बारकीनं दवाखान्यात साहेबांना सांगितलं होतं, बटण बांधलेलं होतं म्हणून. साहेब म्हणाले, "मी स्वतः पाहिलं. पट्टीबिट्टी काही नव्हती." मग खात्यातले भेटायला गेले. फळं नेली, उन्हाळ्याबद्दल बोलले, दवाखान्यातल्या पंख्याला नावं ठेवली. बारकीनं पट्टीचं काढलं आणि एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिली. तो विषय कुणी पुढे नेला नाही.

"आता प्रत्येकानं शेजारच्याबद्दल मनापासून एक चांगली गोष्ट सांगायची," मॅडम म्हणाल्या. त्यांना अपघाताचं कुणी सांगितलं नसावं. "पण आधी एकमेकांचे हात धरू या."

खुर्च्या करकरल्या. बारकीच्या डावीकडे मावशी होती.

"राहू दे, मॅडम," घडीवाला म्हणाला. "आमच्याकडे हात काळे असतात."

"शाईला काय घाबरायचं?" मॅडम हसल्या.

बारकीनं पिशवी खाली ठेवली आणि हात पुढे केला. मॅडमचं हसू तिथंच थांबलं. मावशीनं तो हात घेतला. तळवा गरम होता. पुढे जिथं बोटं लागायला हवीत तिथं नुसती गुळगुळीत कातडी.

"मी सांगतो," मामा घाईनं म्हणाले. "आमची बारकी फार गुणाची. कधी तक्रार नाही तिची."

"केली होती, मामा," बारकी म्हणाली. "दवाखान्यात. तुम्ही पपई कापत होतात."

मामांनी चष्मा काढून पुसायला घेतला. निवृत्तीला त्यांना आठ महिने होते. मावशीचा नवरा गेला तेव्हा तिला या खात्यात चिकटवणारेही तेच. या दोन गोष्टी मावशीनं दीड महिना रोज रात्री उशीखाली घेऊन झोपायचा प्रयत्न केला होता.

"मावशी, तुमची पाळी," मॅडम हळूच म्हणाल्या. "शेजारणीबद्दल काही चांगलं."

"चांगलं तिच्याबद्दल खूप आहे. आमच्याबद्दल नाही."

"मावशी," मामा म्हणाले. "घरचं घरात ठेवावं."

"तिला घराबाहेर काढून?"

साहेब दारात येऊन उभे होते, हातात तो कागद. मावशीनं त्यांच्याकडे पाहिलं नाही. ती बारकीशीच बोलली, तिचा हात न सोडता.

"बटण बांधलेलंच होतं. मामांनी बांधलं होतं. तू खाली पडलेली होतीस, ओरडत होतीस, आणि मी आधी पट्टी सोडली. तुझ्याकडे नंतर आले."