चाळवलेल्या पेशी

पुन्हा तेच. औषध दिलेल्या पेशी चवताळलेल्या आणि ज्यांना काहीच दिलं नव्हतं त्याही चवताळलेल्या. घरात सगळे जिला थोरली म्हणत, त्या संशोधक बाईने सूक्ष्मदर्शकावरून डोळे काढले आणि कपाळावर हात मारून घेतला. महिन्याभराच्या मेहनतीवर पाणी पडलं होतं.

या पेशी म्हणजे मेंदूच्या पहारेकरी. कचरा उचलायचा, आगंतुकाला हाकलायचं, हे त्यांचं काम. अल्झायमरमध्ये त्यांचं डोकं फिरतं आणि त्या मेंदूतल्या चांगल्या जोडण्याच कुरतडायला लागतात. त्यांना शांत करणारं औषध थोरलीला हवं होतं आणि लवकर हवं होतं, कारण घरी बाबा रोज थोडे थोडे विसरत चालले होते. त्या हट्टी पेशींना तिच्या घाईचं काही सोयरसुतक नव्हतं.

प्रयोगशाळेचे सर ओरडले नाहीत, हेच जास्त लागलं. उबेच्या कपाटातून पेशींची बशी किती वेळा बाहेर काढलीस, एवढंच त्यांनी विचारलं. राहवलं नाही की ती काढून बघायची, असं रोज चाललं होतं.

"अगं, जरा गार लागलं, हिंदकळलं की चिडतात त्या," सर म्हणाले. "आता औषधाने काय केलं ते कसं कळणार? तूच त्यांना स्वस्थ बसू दिलं नाहीस."

चरफडतच ती घरी आली. बाबा खिडकीपाशी बसले होते. चपला काढता काढता तिच्या तोंडून रोजचा प्रश्न निघाला.

"बाबा, मी कोण?"

बाबांचा चेहरा कसनुसा झाला. बोटं चुळबुळायला लागली. मग ते आईवरच खेकसले.

"आल्या आल्या परीक्षा घेतेस त्यांची," कपड्यांच्या घड्या घालत आई म्हणाली. "दिवसभर छान होते."

थोरलीला ती बशी आठवली आणि स्वतःचाच भयंकर राग आला. ती बाबांशेजारी मुकाट्याने बसून राहिली. नुसतं बसणं किती कठीण असतं!

हळूहळू बाबांची बोटं थांबली. त्यांनी तिच्या नाकावरचा चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसला. ती शाळेत जायला निघाली की ते असाच पुसून द्यायचे. काचा आणखीच माखल्या. त्यांनी तो परत तिच्या डोळ्यांवर चढवला, एक दांडी कानाबाहेरच राहिली.

ओळखलं का त्यांनी? प्रश्न अगदी ओठांवर आला होता. विचारल्याशिवाय कळणार नव्हतं आणि विचारलं की सगळं बिघडणार होतं.

तिने तो प्रश्न गिळून टाकला. माखलेल्या काचांतून बाबांचा चेहरा धड दिसतही नव्हता, पण तिने चष्मा पुसला नाही.