स्टेनोबाईंची तीन दिवसांची वही

कोर्टातल्या स्टेनोबाईंनी एकोणतीस वर्षं जगाचं बोलणं उतरवून घेतलं, पण स्वतःचं दुखणं कुणाच्या कानावर जाऊ दिलं नाही. साक्ष चालू असताना उठायची सोय नाही. जज्जसाहेब उठतील तेव्हाच उठायचं. तोवर शिंक आली, खोकला आला, की कपडे ओले. त्यावर बाईंनी आपल्या अकलेने उपाय काढला होता: पाणीच प्यायचं नाही. त्रास उलट वाढला, तरी बाईंनी हेका सोडला नाही.

आठ महिन्यांपूर्वी गादी ओली झाली, तेव्हा "पाठ धरते, मला कडक जमीन लागते" अशी नवऱ्याला थाप मारून त्यांनी अंथरूण बाहेरच्या खोलीत नेलं. नवरा मुळातच कमी बोलणारा, तो आणखी गप्प झाला. खरं कळलं तर याला आपली किळस येईल, या भीतीने बाई आतून पोखरून गेल्या होत्या.

दवाखान्यातल्या सिस्टरने मागच्या खेपेला सांगितलं होतं, तीन दिवस काय प्यायलात, कधी गळलं, सगळं लिहून आणा. बाईंनी लिहिलं, पण घरात कुणाला वाचता येऊ नये म्हणून शॉर्टहँडमध्ये. हुशारी नडते ती अशी! त्यात आज नवरा "पाठीचं काय म्हणतात ते मीही ऐकतो" म्हणत पाठोपाठ आत आला. त्याला नको म्हणायचंही त्राण बाईंच्यात उरलं नव्हतं.

सिस्टरने वही उलटी केली, सुलटी केली.

"काकू, हे काय गिरगटलंय?"

"शॉर्टहँड आहे."

"मला कुठलं यायला! तुम्हीच वाचा."

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. लपवालपवीचाच आता शीण आला होता. त्यांनी चष्मा चढवला आणि कोर्टात वाचतात तशा सपाट आवाजात सुरुवात केली.

"सोमवार. सकाळी सात, चहा अर्धा कप. पाणी नाही. साडेअकरा, उलटतपासणी चालू, खोकला आला, गळलं. चार वाजता जिन्यात गळलं. रात्री झोप बाहेरच्या खोलीत. कारण, गादी खराब होईल. ह्यांना सांगितलेलं नाही. कारण..."

आजवर वाचताना त्यांचा आवाज कधी अडला नव्हता.

"लिहिलंय ते वाच," नवरा म्हणाला.

"कारण, ह्यांना किळस येईल."

सिस्टरने घसा साफ केला. "काकू, पाणी तोडलंत की लघवी कडक होते, लघवीची पिशवी जास्तच चिडते. थोडं थोडं पीत राहा. व्यायाम शिकवते, ठरलेल्या वेळी जायची सवय लावू. बराच फरक पडतो."

बाईंचं तिकडे लक्षच नव्हतं. नवरा खाली मान घालून बसला होता.

"मी आठ महिने घोरण्यावरच्या गोळ्या खातोय," तो म्हणाला. "वाटलं, माझ्या घोरण्याला वैतागून गेलीस. विचारायचा धीर झाला नाही. म्हटलं, माझाच कंटाळा आलाय म्हणालीस तर?"

बाईंनी वही मिटली.

"गादीवर रबराचं कापड घालू," तो म्हणाला. "पण तू आत ये."