उन्हाळी विजार

सुतारकाकांनी दुकानात शिरल्या शिरल्या खुंटीवरची उन्हाळी विजार ओढून काढली. नदीत उभं राहून गळ टाकणाऱ्यांची, छातीपर्यंत चढणारी, खाली बूट जोडलेलीच. पातळ, घडी घातली तर पिशवीत मावेल अशी.

"अहो काका, थंडी काय पडलीय आणि हे काय निवडताय?" दुकानवाली म्हणाली. "ही नुसतं पाणी अडवते, गारठा नाही अडवत. ती जाड घ्या. बूटही एक नंबर मोठा, आत एकावर एक दोन मोजे बसले पाहिजेत."

"हीच हवी. त्याच्या अंगावर हीच होती."

जाड विजारीकडे गेलेला तिचा हात तिथल्या तिथे थांबला. गेल्याच महिन्यात काकांच्या मुलाला नदीतून बाहेर काढलं होतं. गारठ्यानं पाय धरले, काठ चार हातांवर असून येता आलं नाही म्हणे. विजार तिनंच विकलेली, भर उन्हाळ्यात. थंडीची वेगळी घेऊन जा, असं बजावलंही होतं. "नेतो गं, थंडी कुठे पळून जातेय!" म्हणत हसत गेला होता मेला. शब्द नुसता मनात आला आणि तिनं जीभ चावली.

"तिथं जाऊन उभा राहणार आहे," काका म्हणाले. "किती वेळ लागला असेल त्याला, ते बघायचंय."

"काहीतरीच काय बोलता! घरी काकू आहेत."

"ती भिंतीकडे तोंड करून पडलेली असते. कोण आलं, कोण गेलं, तिला पत्ता नसतो."

तिनं खाली पाहिलं. काका उघड्या पायांत नुसत्या चपला सरकवून आले होते. टाचा भेगाळलेल्या, बोटं निळसर. समजावून उपयोग नव्हता. माणूस ठरवूनच आला होता. तिनं त्यांच्या हातातली विजार सरळ काढून घेतली.

"ही नमुन्याची आहे. तुमच्या मापाची संपली."

तिच्या पाठीमागे तसल्याच चार लटकत होत्या. त्यांच्या बुटांच्या तळव्यांवर नंबर ठसठशीत दिसत होते. काकांनी तिच्या खांद्यावरून तिकडे पाहिलं. बराच वेळ पाहत राहिले. तिचे कान तापले, पण ती हलली नाही.

"संपली?"

"संपली."

तिनं स्टूल पुढे सरकवलं, फळीवरून लोकरीचे मोजे काढले आणि जमिनीवर बसली.

"पाय द्या इकडे."

काका उभेच. मग गुडघ्यावर हात टेकत हळूच बसले. तिनं एक मोजा चढवला, टाचेवर नीट ओढला. गार पडलेला पाय तिनं दोन्ही हातांत धरून चोळला.

"दोन म्हणालीस ना?" काका म्हणाले.