ताईच्या वाट्याचा चेंडू

फुटबॉल क्लबमध्ये तिला सगळ्या ताई म्हणत, कारण बाकीच्या पोरी विशी-बाविशीच्या आणि ही पस्तिशीला टेकलेली. काम राखीव गोलकीपरचं. म्हणजे काय, तर रोज सकाळी सरावात शेकड्याने चेंडू अडवायचे, चिखलात लोळायचं, कोपरं सोलून घ्यायची आणि सामन्याच्या दिवशी धुतलेल्या जर्सीत बाकावर बसायचं. तीन हंगाम झाले, एका तरी सामन्यात तिच्या हाताला चेंडू लागला असेल तर शपथ! दर आठवड्याला आई फोनवर विचारायची, "काय गं, या खेपेला तरी उतरवलं का तुला?" आणि ही विषय बदलायची.

आज हंगामाचा शेवटचा सामना, आणि ताईचाही. क्लबने तिचा करार वाढवला नव्हता. तिने आदळआपट केली नाही. सरळ कोचबाईंच्या खोलीत गेली आणि म्हणाली, "बाई, मला एक चेंडू हवाय. सामन्यातला, या हातांत. बस्स."

कोचबाई शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "दोन गोलांनी पुढे असलो, तर शेवटची दहा मिनिटं तुझी."

कपडे बदलायच्या खोलीत गुपित टिकलंय कधी? पोरींना कळलं आणि त्या अशा काही धावल्या, की समोरच्या संघाला वाटलं असेल, यांच्या घराला आग लागलीय! ऐंशीव्या मिनिटाला दोन-शून्य. पाटीवर ताईचा नंबर झळकला. पहिल्या गोलकीपरने बाहेर येताना तिला कडकडून मिठी मारली. प्रेक्षकांच्या वरच्या रांगेत, खास या सामन्यासाठी आलेली आई उठून उभी राहिली, ती मागच्यांनी "बसा हो मावशी" म्हटलं तरी बसेना.

आणि मग? मग कपाळ! चेंडू येईल तर ना. शेवटच्या दिवशी ताईवर गोल होऊ द्यायचा नाही, असं पोरींनी आपसात ठरवलेलं. डोळ्यांत तेल घालून राखण चालली होती. समोरच्या कोणी फटक्यासाठी पाय उचलला, की चौघी अंगावर. पाच मिनिटं गेली, आठ गेली. ताईचे हात नुसते शिवशिवत होते. शेवटी ती ओरडली, "अगं भवान्यांनो, एक तरी येऊ द्या की माझ्याकडे!"

बचावातल्या सर्वांत धाकटीने, चिमणीने, ते ऐकलं. पोरीचा जीव तुटला. चेंडू पायाशी येताच ती वळली आणि तो मागे ताईकडे सरकवला, अगदी अलगद. ताई धावली, वाकली आणि दोन्ही हातांनी उचलून तिने तो छातीशी धरला.

शिट्टी वाजली. आपल्याच खेळाडूने पायाने मागे दिलेला चेंडू गोलकीपरने हातात घ्यायचा नसतो, हे शाळेतल्या पोरींनाही ठाऊक असतं. ताई तर तो नियम लहान मुलींना शिकवायची! कोचबाईंनी डोक्याला हात लावला. गोलपासून सहा पावलांवर समोरच्यांना फ्री किक मिळाली.

चिमणी रडकुंडीला आली. "ताई, माझंच चुकलं."

"तुझं कसलं डोंबल चुकलं? हात माझे होते ना? उभी राहा जागेवर, आणि डोळे मिटू नकोस."

वरवर आवाज खणखणीत, पण मनात वेगळंच चाललं होतं. तीन वर्षं बाकावर काढायची आणि जाताना स्वतःच्या मूर्खपणाने गोल खायचा, तोही आईच्या डोळ्यांदेखत! तिला स्वतःचा भयंकर राग आला.

सगळ्या पोरी गोलरेषेवर खांद्याला खांदा लावून उभ्या राहिल्या. समोरच्या एकीने चेंडू हलकेच ढकलला, दुसरीने सगळा जोर काढून मारला. ताई पोरींच्या भिंतीतून पुढे झेपावली. चेंडू पोटावर आदळला, निसटला, कोणाच्या तरी बुटाला लागला. ताईने गवतावर अंग टाकलं आणि दोन्ही हातांनी त्याला कवळलं. एक बूट बरगडीत बसला, तरी बोटं सुटली नाहीत.

तेवढ्यात शेवटची शिट्टी झाली. पोरी ओरडत तिच्या अंगावर पडल्या, उठल्या, नाचल्या. ताई तशीच पडून.

रेफरीबाई हात पुढे करून म्हणाल्या, "चेंडू द्या आता. सामना संपला."

"देते हो," ताई हसता हसता रडायला लागली. "आत्ताच तर आलाय हातात."

रेफरीबाईंनी घड्याळात पाहिलं आणि त्या थांबल्या.